काटा झाल्याशिवाय पोस्ट नाही

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी लिंक्डइनवर एक पोस्ट टाकली. "एकरी १८ क्विंटल सोयाबीन! औसा तालुक्यातल्या शेतकऱ्यानं करून दाखवलं. बदललं फक्त एकच: पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासली." खाली मामांचा फोटो, हातात शेंगांनी लगडलेलं झाड. मी लातूरला राहून बीजोत्पादनाच्या प्लॉटची पाहणी करतो. तोवर माझं लिहिलेलं वाचणारे म्हणजे कृषी कॉलेजचे वर्गमित्र आणि दोन-चार कंपनीवाले. ही पोस्ट मात्र सुटली. दोन दिवस फोन नुसता वाजत होता. चौथ्या दिवशी मामांचा आला.

"आपल्या रानात अठरा झालेत म्हणं?"

"मामा, ते एका गुंठ्यावरून काढलेलं आहे, तुम्ही..."

"मला नको सांगू. आडत्याला सांग. तेव म्हणायलाय, अठरानं पिकलंय तर माझी बाकी कामून ठिवली?"

फोटो कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पुढं ढकलला होता आणि तो फिरत फिरत आडत बाजारात गेला होता. वाचक माझे वाढले, आडत्याकडून घेतलेली उचल मामांकडं मागितली गेली.

तेव्हापासून लिहिताना काही गोष्टी पाळतो. आहेत बियाण्यातल्या माणसाच्या, पण कारखान्यात क्वालिटी बघणाऱ्याला किंवा नांदेडच्या एखाद्या सीएलाही चालतील.

आकड्याला आधी गाव विचारा

ते १८ क्विंटल आले कुठून? मामांचं रान २ एकर १० गुंठे. मी बांधावरून उतरलो आणि जिथली झाडं डोळ्यात भरली, तिथंच ३३ फूट बाय ३३ फूट आखून घेतलं. एक गुंठा. तेवढं कापलं, ताडपत्रीवर बडवलं, वजन केलं. ४५ किलो. त्याला ४० नं गुणलं की १८०० किलो. गुणाकार बरोबर होता, गुंठा मी मला हवा तो निवडला होता. वर ओलावा मोजलाच नव्हता. १८ टक्के ओलाव्याचं ४५ किलो सोयाबीन हमीभावाच्या खरेदीला लागतं तसं १२ टक्क्यांवर वाळलं, की ४२ किलोही भरत नाही. पुढं बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) मोडली, मळणी झाली, काटा झाला. सगळ्या रानाचे मिळून १९ क्विंटल ८० किलो. म्हणजे एकरी ८ क्विंटल ८० किलो. कोरडवाहूला ते चांगलंच आहे. पण आठ-ऐंशी लिहिलं असतं तर इतक्या लोकांनी वाचलं नसतं, हेही कबूल करतो.

आता कुठलाही आकडा लिहिण्याआधी चार प्रश्न विचारतो. कुणाच्या रानात? किती रानात? कशानं मोजलं? आणि शेजारच्या बांधापलीकडं काय झालं? चौथ्यानं माझी चांगलीच जिरवली. मामांच्या शेजाऱ्यानं बियाणं न तपासताच पेरलं होतं आणि त्यांनाही एकरी साडेआठ पडलं होतं. त्या वर्षी पाऊस वेळेवर होता, सगळ्यांचंच उगवलं. उगवण तपासणं चांगलंच, पण त्या वर्षीच्या आकड्यात त्याचा फायदा दिसत नव्हता आणि मी तो दाखवून बसलो होतो.

माझा भाचा वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तो लिहिणार होता, "रिजेक्शन ४० टक्क्यांनी घटवलं." म्हटलं, म्हणजे किती? तर आधी शंभरात ५ नग खराब निघायचे, आता ३ निघतात. गणित बरोबर आहे. पण त्याच्या लाइनवरचा ऑपरेटर चाळीस टक्के वाचून हसेल, आणि "पाचाचे तीन केले, असे केले" हे वाचून मान डोलावेल. पोस्ट लिहिताना त्या ऑपरेटरचा चेहरा समोर ठेव, एवढंच त्याला सांगितलं. आणि आधी साहेबांना विचार, नग तुझ्या घरचे नाहीत.

पहिल्या दोन ओळी

लिंक्डइनवर ३००० अक्षरं लिहिता येतात, पण दिसतात सुरुवातीच्या दोन-तीन ओळी. बाकीचं 'आणखी पाहा'च्या मागं. म्हणून त्या ओळींत जोर लागतो आणि खोटंही तिथूनच शिरतं. "तुमचा विश्वास बसणार नाही" असं लिहिणाऱ्यावर माझा खरंच बसत नाही.

जोर लावायला माझ्याकडं एकच युक्ती आहे: हाताला लागणारी वस्तू आधी ठेवायची. दर मे महिन्यात मी घरच्या बियाण्याची उगवण तपासण्यावर लिहितो. सुरुवात अशी असते: "गोणपाटाचा तुकडा, शंभर दाणे, सात दिवस." मग पायऱ्या. पोत्यात वर-मधी-खाली हात घालून दाणे काढा, चांगले चांगले वेचू नका. (वेचण्याचा मोह काय असतो ते मला विचारा.) ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. पाचव्या ते सातव्या दिवशी मोजा. सत्तर किंवा जास्त सरळ कोंब निघाले तर नेहमीसारखं एकरी ३० किलो पेरा. थोडे कमी भरले तर त्या मानानं बियाणं वाढवा. फारच कमी निघाले तर ते बियाणं पेरू नका.

या पोस्टीला पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. पण जूनमध्ये पाऊस पडेपर्यंत लोक ती एकमेकांना पाठवत राहतात, आणि गोणपाटाचे फोटो मला येतात. एकानं मोजलेले ६४ निघाले, तो विचारतो, आता काय करू? असा निरोप मी शंभर लाइकच्या वर धरतो. मला काम मिळालं ते अशाच निरोपांतून; अठरा क्विंटलवाल्या पोस्टीतून एकही मिळालं नाही.

फोटोवर मात्र आकडा लिहू नका. मजकूर मागं राहतो आणि फोटो एकटाच व्हॉट्सअॅपवर गावोगाव हिंडतो.

फुकटची पिशवी

चार लोक वाचायला लागले की औषधाची बाटली, बियाण्याची पिशवी, शिवारफेरीची गाडी असं घरपोच यायला लागतं. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. घेतलंत तर लिहा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये यावर सूचना काढल्या आहेत: पैसे, फुकटची वस्तू, सवलत, प्रवास, सगळं जाहीर करायचं, ठळक करायचं आणि पोस्ट ज्या भाषेत त्याच भाषेत करायचं. मराठी पोस्टीखाली हॅशटॅगच्या गर्दीत एक इंग्रजी शब्द दडपणं त्यात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

मी पहिल्याच ओळीत लिहितो, "ही पिशवी कंपनीनं फुकट दिली." वाचणारे थोडे कमी होतात. पुढच्या वेळी पिशवीही येत नाही, हा वेगळा फायदा.

चुकलं तर

मामांच्या फोननंतर माझा हात पहिल्यांदा डिलीटवर गेला. नाही केली, आणि बरं झालं. पोस्ट काढली असती तरी आडत्याच्या फोनमधला फोटो तसाच राहिला असता, आणि खुलासा वाचायला जागा उरली नसती.

मी केलं ते असं. जुनी पोस्ट उघडून सगळ्यात वर लिहिलं: "दुरुस्ती, अमुक तारीख: १८ हा आकडा एका निवडक गुंठ्याचा होता. पूर्ण रानाचा उतारा एकरी ८ क्विंटल ८० किलो." खालचं चुकीचं वाक्य तसंच ठेवलं. फोटो पुढं पाठवणाऱ्यांपैकी जे सापडले, त्यांना एकेकाला निरोप धाडला. मग नवी पोस्ट टाकली: गुंठा कसा आखला, ओलावा का सुटला, शेजाऱ्याला किती पडलं. शेवटी मामांसोबत आडत्याकडं गेलो आणि काट्याची पावती दाखवली. आडत्यानं चहा पाजला. बाकी सोडली नाही.

दुरुस्तीची पोस्ट वाचली जुनीच्या दहाव्या हिश्शानंही नाही. पण प्लॉटवरची माणसं आजही बोलतात ती त्याच पोस्टीवर. दुरुस्ती लिहिताना एक सांभाळा: माफीचं भजन लावू नका. काय चुकलं, बरोबर किती, एवढं पुरतं. "या चुकीनं मला खूप शिकवलं" अशी सुरुवात केलीत की दुरुस्तीचीही जाहिरात होते.

बाकी किरकोळ. आठवड्याला एक पोस्ट पुष्कळ झाली. रोज लिहिण्याइतकं कुणाच्याच रानात रोज घडत नाही. "कमेंटमध्ये 'हो' लिहा, पीडीएफ पाठवतो" हे करू नका, पीडीएफ सरळ लावा. विषय येत नसेल तर गप्प बसा. मला कापसातलं फारसं कळत नाही, म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाकडं बोट दाखवतो. अल्गोरिदमला अमुक वेळ आवडते, तमुक लांबी आवडते, या कहाण्या दर सहा महिन्यांनी बदलतात, मी ऐकणं सोडलंय.

यंदाचा काटा परवा झाला. २१ क्विंटल ४० किलो, ओलावा साडेअकरा टक्के. पोस्ट लिहून तयार आहे, पण अडलीय. मामा म्हणतात, सातबाऱ्यावर २ एकर १० गुंठे असलं तरी बांधावरच्या चिंचेखाली काही पिकत नाही, तेवढं वजा करून एकरी काढ. उद्या सकाळी टेप घेऊन चिंचेची सावली मोजायला जातोय.