डायरी कुलपात ठेवा, पण किल्लीची सोय आधी करा

फोनमधल्या नोट्सना अ‍ॅप-लॉक लावला की डायरी खासगी झाली, हा समज आधी सोडून द्या. तुमचंच जीमेल मुलाच्या टॅबवर लॉगिन असतं, घरच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडाच असतो, आणि तुमच्या नोट्स तिथे आरामात दिसतात. बोटाच्या ठशाचं तर विचारूच नका. दुपारी डुलकी लागलेल्या माणसाचं बोट फोनला टेकवायला काय लागतं? दुसऱ्या टोकाला 'पन्नास अक्षरी पासवर्ड ठेवा, कुठे लिहू नका, कोणाला सांगू नका' असं बजावणारे शूरवीर असतात. त्यांचं ऐकलंत तर डायरी कोणालाच उघडता येणार नाही हे खरं, पण त्यात मोठ्या आजारपणातून उठलेले तुम्हीही आलात.

म्हणून सॉफ्टवेअर शोधण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं ठरवा. आपण असताना कोणी वाचता कामा नये? आपण नसताना कोणी वाचलं तर चालेल? बहुतेकांच्या डायरीत दोन्ही प्रकारचा मजकूर एकत्र कालवलेला असतो: आईच्या ऑपरेशनच्या नोंदी, मुलीचं बोबडं बोलणं, आणि त्याच पानावर जावेबद्दलचा संताप. हे वेगळं करा. सरळ दोन व्हॉल्ट, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणारी दोन कुलूपबंद फोल्डरं, ठेवा. एक 'मागे उरेल' असा, एक 'माझ्याबरोबर जाईल' असा. या दुसऱ्या व्हॉल्टची किल्ली कोणाकडेही द्यायची नाही, आणि ती हरवली तर मजकूर गेला हे आधीच मान्य करायचं. एकाच व्हॉल्टमध्ये दोन्ही ठेवून सुवर्णमध्य साधण्याचा हट्ट धरलात तर शेवटी तुम्ही खरं लिहिणंच बंद कराल.

नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा पद्धतीने लिहा. फाइलचं नाव तारखेने, वर्ष आधी. बस. एखाद्या देखण्या डायरी-अ‍ॅपमध्ये लिहीत असाल तर वर्षातून एकदा सगळं एक्स्पोर्ट करून ठेवा. तशी सोय नसलेलं अ‍ॅप वापरूच नका. जुन्या मराठी फॉण्टांत टाइप केलेल्या फायली पडून असतील तर त्या आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घ्या. श्रीलिपीतली फाइल फॉण्ट नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आजोबांची मोडीतली वही घरात कोणाला वाचता येत नाही, त्यातलाच हा प्रकार, आणि यात कोणी काही लपवायला गेलेलंही नसतं.

व्हॉल्टसाठी मी क्रिप्टोमेटर वापरते. ओपन सोर्स आहे, लॅपटॉपवर फुकट आहे, आणि प्रत्येक फाइल वेगवेगळी एन्क्रिप्ट करत (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवत) असल्यामुळे गूगल ड्राइव्हवर ठेवलं तरी रोज फक्त बदललेली फाइलच वर चढते. व्हेराक्रिप्टही उत्तम, पण त्यात सगळं एका मोठ्या फाइलमध्ये जातं, त्यामुळे मी ते फक्त हार्ड डिस्कवरच्या प्रतीसाठी सुचवेन. इन्स्टॉल करणं, फोल्डर निवडणं, व्हॉल्ट बनवणं हे तुमचं तुम्हाला जमेल.

पासवर्ड देवनागरीत ठेवू नका. कल्पना मोहक आहे, मान्य. पण 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक स्वतंत्र 'ऱ' वापरून, दुसरा साध्या 'र'चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे पासवर्ड. कीबोर्ड बदलला की डोकं आपटत बसाल. रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहिण्यातही गोम आहे: 'पाऊस' लिहिताना इंग्रजी 'ए' एक की दोन, हे चार वर्षांनी आठवत नाही. अभंगाची, आरतीची, गाण्याची ओळ तर नकोच. जी ओळ तुम्हाला पाठ आहे ती घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेची ७,७७६ इंग्रजी शब्दांची यादी नेटवर मिळते. ल्यूडोचा फासा पाचदा टाका, आलेला पाच अंकी आकडा यादीत शोधा, तिथला शब्द घ्या. असे सहा शब्द पुरे. आठवडाभर रोज टाइप केले की बोटांना सवय होते.

आता किल्ली. इथे घाई केलीत तर वरचं सगळं फुकट. मलाही सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर लागला.

व्हॉल्ट बनवताना क्रिप्टोमेटर विचारतं, रिकव्हरी की हवी का? 'नको, मी पासवर्ड विसरणार नाही' असाही पर्याय दिसतो. 'मागे उरेल' या व्हॉल्टसाठी तो दाबायचा नाही. हो म्हटलं की ४४ इंग्रजी शब्दांची माळ समोर येते. पासवर्ड विसरलात तर या माळेवरून नवा पासवर्ड लावता येतो. आता करू नये त्या गोष्टी ऐका. स्क्रीनशॉट काढायचा नाही. तो आपोआप फोटोंच्या बॅकअपमध्ये जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायची नाही. ऑफिसच्या प्रिंटरवर तर मुळीच छापायची नाही. हाताने लिहा. कॅपिटल अक्षरांत, प्रत्येक शब्दाला १ ते ४४ क्रमांक देऊन, बॉलपेनने. जेल पेनची शाई पावसाळ्यातल्या दमटपणाने फुटू शकते आणि मग नेमका सतरावा शब्द वाचता येत नाही.

कागद ठेवायचा कुठे, यावर माझं मत ठाम आहे: व्हॉल्ट आणि कागद एका छताखाली नकोत. व्हॉल्ट तुमच्या घरी आणि ड्राइव्हवर, कागद बहिणीकडे किंवा जुन्या मैत्रिणीकडे. तिच्याकडे नुसते ४४ शब्द, उघडायला काही नाही; घरच्यांकडे नुसता व्हॉल्ट, किल्ली नाही. म्हणजे तिच्यावर आंधळा विश्वास टाकावा लागत नाही आणि तिलाही ओझं वाटत नाही. बँकेचा लॉकर चालेल, पण तो जोडीदाराबरोबर जॉइंट असेल तर किल्ली जोडीदाराच्याच हातात दिली असं समजा. त्यात गैर काही नाही, फक्त ते ठरवून केलेलं असावं. गोदरेजच्या कपाटातली एलआयसीच्या कागदांची फाइल ही घरातली सगळ्यात जास्त उघडली जाणारी फाइल असते; तिथे नको.

किल्लीचे तुकडे करून पाच जणांत वाटा, त्यातले कोणतेही तीन जमले की उघडेल, असली गणिती योजना कोणी सुचवेल. गणित चोख आहे, १९७९ सालापासून आहे. पण तुमच्या मागे तीन नातेवाईक आपापली चिठ्ठी घेऊन एकत्र बसतील आणि सॉफ्टवेअर चालवतील? आमच्याकडे तर गणपतीचं जेवण कोणाकडे यावरही एकमत होत नाही.

कागद पाकिटात घातला म्हणजे संपलं नाही. रंगीत तालीम केल्याशिवाय ते पाकीट बंद करू नका. दुसऱ्या कोणाचा तरी लॅपटॉप घ्या, व्हॉल्टचं अख्खं फोल्डर त्यावर कॉपी करा, क्रिप्टोमेटर टाका आणि फक्त कागद हातात धरून पासवर्ड रीसेट करून बघा. हे प्रतीवरच करायचं. मूळ व्हॉल्टचा पासवर्ड त्याने बदलत नाही. चुका इथेच सापडतात. स्वतःच्याच अक्षरातला 'यू' 'व्ही'सारखा दिसतो, एखादा शब्द गळालेला असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फायलींची नुसती नावं असतात, खरा मजकूर नेटवर असतो, त्यामुळे कॉपी केलेला व्हॉल्ट पोकळ निघतो. तालीम झाली की ती प्रत पुसून टाका.

पाकिटाबरोबर एक साधं मराठी पत्र ठेवा: डिस्क कुठे आहे, कोणतं सॉफ्टवेअर लागतं, हे कोणासाठी आहे, कोणासाठी नाही. ज्याला हे करायचं आहे तो त्या दिवशी गोंधळलेला असणार, हे धरून लिहा. व्हॉल्टची एक प्रत हार्ड डिस्कवर घ्या, शेजारी क्रिप्टोमेटरची इन्स्टॉल फाइलही ठेवा, आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी डिस्क लावून बघा. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडलेल्या पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका.

गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतं, म्हणून त्यांचा इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर भरून ठेवा. ३, ६, १२ किंवा १८ महिने हालचाल नसेल तर तुम्ही नेमलेल्या माणसाला ड्राइव्हमधला डेटा मिळतो. डेटा मिळणारा माणूस आणि कागद असणारा माणूस वेगळे ठेवा, पण दोघांना एकमेकांची नावं माहीत हवीत. आणि व्हॉल्टमध्ये टाकण्याआधीच्या वर्डच्या प्रती, कागदी डायरीचे फोनवर काढलेले फोटो, ट्रॅशमधल्या नोट्स तेवढ्या पुसा; गळती बहुतेक तिथूनच होते.

बहिणीशी बिनसलं आणि कागद परत मागणं अवघड झालं, तर नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. पासवर्ड बदलला तरी ते ४४ शब्द तेच राहतात. अशा वेळी नवा व्हॉल्ट करायचा, फायली त्यात हलवायच्या, ड्राइव्हवरून, डिस्कवरून आणि ट्रॅशमधूनही जुना व्हॉल्ट काढायचा. तिच्याकडे राहिलेला कागद मग खुशाल राहू दे.