जुनी फ्लाइंग स्कॉट घेऊन शर्यतीत उतरताय? या चुका टाळा

अमेरिकेत घराजवळच्या तळ्यावर शिडाची बोट चालवायची हौस लागली, की चौकशीत फ्लाइंग स्कॉटचं नाव लवकरच कानावर येतं. सँडी डग्लस यांनी १९५७ साली ती आखली. लांबी १९ फूट, सगळं सामान धरून वजन सुमारे ८५० पौंड, म्हणजे ३८५ किलोच्या आसपास. ट्रेलरवर चढवली की साधी एसयूव्हीसुद्धा ती ओढून नेते. नियमाप्रमाणे सगळ्या बोटी सारख्याच, त्यामुळे चाळीस वर्षांची जुनी बोट आणि कारखान्यातून कालच आलेली बोट एकाच रेषेवरून सुटतात, आणि जुनी पुढे गेली तर कुणाला नवल वाटत नाही.

जुनी स्कॉट स्वस्तात मिळते. पहिल्या हंगामात नवा मालक सगळ्यांच्या मागे राहतो, आणि हिवाळ्यात तो काय करतो? नवी शिडं मागवतो. नाचता येईना अंगण वाकडे! माझं मत विचाराल तर पहिले दोन हंगाम शिडांवर एक डॉलरही घालू नका. मागे पडण्याची कारणं बहुतेक वेळा बोटीच्या पोटात असतात, नाहीतर सुकाणू धरणाऱ्याच्या बैठकीत.

बोट न वाजवता विकत घेणं

स्कॉटचं अंग फायबरग्लासच्या दोन थरांचं असतं आणि मधे बाल्सा लाकडाचा गाभा. बाल्सा हलकं आणि कडक, म्हणून बोट हलकी राहूनही पक्की असते. पण पाणी आत शिरलं की हेच लाकूड ते धरून ठेवतं, हळूहळू कुजतं आणि बोट आतून मऊ होत जाते. पाणी शिरतं कुठून? जुन्या मालकाने हौसेने बसवलेल्या प्रत्येक क्लीटच्या (दोरी अडकवायच्या खुंटीच्या), कपहोल्डरच्या, होकायंत्राच्या स्क्रूमधून. भोक पाडलं, स्क्रू पिळला, काम झालं. त्या भोकाच्या कडा बंद करायच्या असतात हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं.

म्हणून बाजारात नारळ वाजवून घेतो तशी बोट वाजवून घ्या. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेक, आतली जमीन आणि तळ सगळीकडे हलके ठोके मारत जा. ठणठणीत आवाज आला तर ठीक. मधेच आवाज बसका, भदभद झाला तर तिथे खडूने खूण करा. डेकवर पाय दिल्यावर जमीन दबली तर खडूचीही गरज नाही. अशी एखादी लहान जागा असेल तर घाबरू नका: भोक थोडं मोठं करायचं, आतला ओला बाल्सा खरवडून काढायचा, जागा पूर्ण वाळू द्यायची, घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि त्या इपॉक्सीत नवं भोक पाडायचं. म्हणजे यापुढे स्क्रूचा आणि लाकडाचा संबंधच येत नाही. खुणा तळाच्या मोठ्या भागावर पसरल्या असतील तर मात्र नमस्कार करून दुसरी बोट बघा. ती दुरुस्ती हौशी माणसाची नव्हे.

शंका असेल तर ट्रेलरसकट बोट ट्रकच्या वजनकाट्यावर घाला, मग रिकामा ट्रेलर घाला आणि वजाबाकी करा. ४० किलो पाणी म्हणजे बारा वर्षांचं एक पोर प्रत्येक शर्यतीत फुकट फिरवणं, आणि ते पोर एकही दोरी ओढत नाही.

आच्छादन आहे म्हणून निर्धास्त राहणं

बोट अंगणात उभी, वर ताडपत्री, पाणी काढायच्या भोकात प्लग घट्ट बसवलेला. पावसाळी आठवड्यात ताडपत्रीला मधे पोट सुटतं, तिथे पाणी साचतं आणि एका टाक्याच्या भोकातून आत उतरू लागतं. पाण्याचं वजन घनफुटाला २८ किलो. अर्धी भरलेली बोट ट्रेलरचा सांगाडा वाकवू शकते. उपाय अगदी साधा: बोटीचं नाक वर करा, मागचा प्लग काढून ठेवा आणि बूम (मोठ्या शिडाच्या खालची काठी) आडवी बांधून आच्छादनाला उतार द्या. हिवाळ्यात हे दुप्पट महत्त्वाचं, कारण गाभ्यात राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि थर सुटे करतं.

प्लग काढण्याला काही राज्यांत कायद्याचीही बाजू आहे. मिनेसोटात रस्त्यावरून बोट नेताना प्लग काढलेला असावाच लागतो, कारण झेब्रा शिंपले आणि परक्या पाणवनस्पती असल्या साचलेल्या पाण्यातूनच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. तळ्यावरून निघताना बोट धुवा, पाणी काढा, वाळू द्या. आणि हो, परत पाण्यात उतरवताना प्लग लावायला विसरू नका. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, दर उन्हाळ्यात एखादी बोट बुडायला लागते ती यामुळेच.

ट्रेलरकडे काणाडोळा

बोटीला मेण लावतील, शिडं हळुवार गुंडाळतील, आणि ट्रेलर मात्र गंजत उभा. तासभर महामार्गावरून आलात की चाकांचे हब गरम असतात. तसाच ट्रेलर गार पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. ग्रीसचा दुधाळ चिखल होतो, बेअरिंग गंजतं आणि पुढच्या प्रवासात चाक जाम होतं. म्हणून तळ्यावर पोचल्यावर आधी डोलकाठी आणि दोऱ्यांची कामं उरका, हब निवू दे, मग पाण्यात जा. प्रवासात पेट्रोलसाठी थांबलात की दोन्ही हबना हात लावून बघा. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा, तर तिथेच थांबा.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. ट्रेलर वर्षातून बोटावर मोजण्याइतके दिवस फिरतो, त्यामुळे टायर झिजत नाहीत, उन्हाने तडकतात. टायरच्या बाजूवर डीओटी क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं झाली की बदला.

दिवे लुकलुकत असतील, ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागत असेल, तर बल्ब बदलत बसू नका. बहुतेक वेळा अर्थिंगच्या वायरचा जोड गंजलेला असतो. तो काढून, घासून पुन्हा बसवा. आणि रॅम्पवर मागे जाण्याआधी दिव्यांचा प्लग गाडीपासून सोडवा.

सेंटरबोर्डचीही, म्हणजे बोटीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीचीही, आठवण ठेवा. स्कॉटचा सेंटरबोर्ड सुमारे १०० पौंडांचा असतो. तो दोरावर टांगून शेकडो मैल जाऊ नका. ट्रेलरवर त्याला टेकू द्या.

डोलकाठी उभी करताना वर न बघणं

डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, आणि २५ फुटांहून उंच. पार्किंगवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, झाडांच्या फांद्यांत त्या पटकन दिसत नाहीत. इथे दुसरी संधी मिळत नाही. रॅम्पपर्यंतचा सगळा रस्ता आधी रिकाम्या हाताने चालून बघा, मगच काठी उचला. उभी केल्यावर काठीला धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारांच्या पिनांना रिंगा आहेत का ते पाहा आणि रिंगांवर टेप गुंडाळा. दोरीत अडकून रिंग निघाली की पिन निघते, आणि पिन निघाली की काठी पाण्यात.

तारांवरून हातमोजा नव्हे, टिश्यू पेपर फिरवा. तुटलेला धागा असेल तिथे कागद अडकतो. एक धागा तुटला तरी ती तार बदला.

तारा आवळून बसणं

दुसऱ्या बोटींवर शिकून आलेले लोक इथे हमखास चुकतात. स्कॉटच्या डोलकाठीच्या तारा सैलच असतात. वाऱ्याच्या उलट्या बाजूची तार पाण्यावर लोंबते, काठी हलते, आणि नवा मालक पाना घेऊन धावतो. आवळू नका. बोट तशीच आखलेली आहे. वारा मागून असताना सैल ताराच काठीला पुढे झुकू देतात. शंका आली तर ताफ्यात पुढे असणाऱ्या बोटीजवळ जाऊन तिची तार हलवून बघा. विचारलंत तर मालक मोजमापासकट सांगेल. या वर्गातले लोक सहसा हातचं राखत नाहीत.

बोट चालत नाही: शोध कुठून सुरू करायचा

शर्यतीत अचानक मागे पडू लागलात तर आधी मागे वाकून सुकाणू बघा. ऑगस्टमध्ये तळी पाणवनस्पतींनी भरलेली असतात, आणि सुकाणूवर अडकलेला एक झुपका सगळी गती खातो. सेंटरबोर्ड क्षणभर वर-खाली करा, त्यावरचंही निघून जाईल. तो वर-खालीच होत नसेल तर खोबणीत खडा किंवा वाळू अडकलीय. ओढाताण करून दोर तोडू नका, किनाऱ्यावर आल्यावर ट्रेलरवर उचलून काढा.

मग कान द्या. बोटीच्या मागून खळखळ आवाज येत असेल तर तुम्ही फार मागे बसलाय आणि मागची फळी पाणी ओढतेय. मंद वाऱ्यात दोघांनीही पुढे सरकावं, बोट किंचित वाऱ्यापासून दूरच्या बाजूला कलू द्यावी. जोराच्या वाऱ्यात उलट: बोट सपाट ठेवा. टिलर (सुकाणूचा दांडा) हाताला ओढ देऊ लागला की बोट जास्त कलली आहे. टिलरशी कुस्ती करू नका, मोठं शीड जरा सोडा आणि बाहेर झुका.

स्कॉट जड आहे. एकदा वेग गेला की तो परत यायला वेळ लागतो. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर फार घासून जाऊ नका, बोटीचं नाक वाऱ्यापासून थोडं दूर वळवून वेग राखा. मुंबईच्या समुद्रावर शिकलेल्यांना दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची सवय असते, तो तासन्‌तास जवळपास एकाच दिशेने येतो. तळ्यावर तसं नाही. टेकडी आणि झाडांमुळे वारा मिनिटामिनिटाला दिशा बदलतो, आणि जो ते ओळखून वेळेवर वळतो तोच पुढे जातो. नवी शिडं इथे काय करणार?

जोराच्या वाऱ्याच्या दिवशी मोठ्या शिडाच्या टोकाला तरंगता फुगा बांधा. स्कॉट उलटली तर पूर्ण पालथी व्हायला वेळ लावत नाही, आणि उथळ तळ्यात काठीचं टोक चिखलात रुतलं की सुटका करताना काठी मोडते.

नियम तोंडपाठ, प्रत्यक्षात गोंधळ

सुटण्याच्या इशाऱ्यांचा क्रम पाच मिनिटं, चार, एक आणि शून्य असा असतो. तरी नवे लोक शून्याला रेषेपासून पन्नास मीटर मागे असतात, कारण धडकेच्या भीतीने ते लांब घुटमळतात. शेवटच्या मिनिटात रेषेजवळ राहा. स्टारबोर्ड बाजूने, म्हणजे वारा उजवीकडून घेत या, म्हणजे वाट तुमची.

कुणी तुमची वाट अडवली तर लगेच 'प्रोटेस्ट' म्हणून ओरडा. सहा मीटरपेक्षा छोट्या बोटीला लाल झेंडा लावावा लागत नाही, आणि स्कॉट ५.८ मीटरचीच आहे. पण ओरडणं त्याच क्षणी हवं. किनाऱ्यावर बिअर पिताना आठवलेली तक्रार कुणी ऐकत नाही. चूक तुमची असेल तर शिक्षा म्हणून बोटीच्या दोन गिरक्या घ्या आणि पुढे चला. नियम दर चार वर्षांनी बदलतात, सध्याचे २०२५ ते २०२८ चे आहेत. मागच्या मालकाने बोटीत ठेवलेलं जुनं पुस्तक रद्दीत द्या.

बोटीवरचं भांडण

नवरा-बायको एकत्र उतरतात तेव्हा बोलणं फार होतं आणि त्यातलं निम्मं आज्ञार्थी असतं. किनाऱ्यावरच कामं वाटून घ्या: जिब (पुढचं छोटं शीड) कोण, सेंटरबोर्ड कोण, वारा कोण बघणार. सुकाणू धरणाऱ्याने आगाऊ सांगावं, वळताना नव्हे. १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईच्या समुद्रावर एंटरप्राइझ या दोघांच्या बोटीच्या वर्गाचं सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आणि गोशपी आवारी या जोडप्याने नेलं होतं, तेव्हा जोडीने जमत नाही ही सबब चालणार नाही. जोडीदाराला एखाद्या रविवारी सुकाणू द्या आणि तुम्ही जिबच्या दोऱ्या ओढून बघा. पुढे बसल्यावर तुमचा आवाज किती उशिरा आणि किती अर्धवट पोचतो, ते तिथेच कळतं.