जादूगाराला वाहन घेताय? आधी या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळात पाचवी लेव्हल आणि थैलीत चारशे सोन्याची नाणी. हे दोन्ही जुळून आलं की आमच्या टेबलावरचा विझर्ड (जादूगार) पुढच्या दहा मिनिटांत विचारतोच, ‘डीएम, वॉरहॉर्स मिळेल का?’ (डीएम म्हणजे खेळ चालवणारा, इथे मी; वॉरहॉर्स म्हणजे लढाईचा घोडा.) मिळेल की. दुकानदाराला काय, त्याला नाणी हवीत. मग हा गडी वरातीतल्या नवरदेवासारखा ताठ बसून पहिल्याच लढाईत शिरतो आणि दुसऱ्या राउंडला (फेरीला) जमिनीवर असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली, तेव्हापासून मी डीएमच्या खुर्चीत आहे. या काळात खेळाडू बदलले, चूक तीच राहिली. खालचे आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या पुस्तकांत काही गोष्टी बदलल्यात, त्यामुळे तुमचं टेबल कशावर चालतं ते आधी विचारा.

वेग बघितला, हिट पॉइंट बघितलेच नाहीत

रायडिंग हॉर्स ७५ नाण्यांना मिळतो, धावतो ६० फूट. नवा खेळाडू इथवर वाचतो आणि पान मिटतो. त्याच पुस्तकात मागे, प्राण्यांच्या पानांवर लिहिलेलं असतं: हिट पॉइंट, म्हणजे किती मार झेलेल ते, १३. आता फायरबॉल या आगगोळ्याच्या स्पेलचं (मंत्राचं) गणित करा. आठ सहापैलू फाशांचा मार, सरासरी २८. घोड्याने सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, काढला तर निम्मं, म्हणजे १४. सेव्ह काढूनही तेरा हिट पॉइंटांचा घोडा मरतो. चारशे नाण्यांच्या वॉरहॉर्सचे १९. सेव्ह निघाला तर बहुधा वाचेल, हुकला तर संपला. गंमत म्हणजे वॉरहॉर्सचा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारतात ते स्वतः दर लढाईत फायरबॉल टाकणारे लोक. समोरच्यालाही तो येत असेल, हे त्यांच्या गावीही नसतं.

‘मग पाखर घालतो!’ घाला. माणसाच्या चिलखताच्या चौपट किंमत, दुप्पट वजन. बाण चुकतील कदाचित, फायरबॉल पाखर बघून येत नाही.

खरं घोडं पेंड खातं ते याच्या पुढे. घोडा कोसळला तर पायांवर उतरायला राउंडला एकदाच मिळणारी झटपट कृती, म्हणजे तुमची रिअ‍ॅक्शन जाते. (नियमात ‘पडलेला’ घोडा म्हटलंय. माझ्या टेबलावर मेलेला घोडा पडलेलाच असतो, वाद नको.) रिअ‍ॅक्शन वापरली नाही तर तोंडावर आपटता. वापरली तर त्या राउंडला शील्ड (बचावाचा स्पेल) नाही की काउंटरस्पेल (शत्रूचा स्पेल मोडणारा) नाही. म्हणजे घोडा मारून शत्रूने तुमची ढाल काढून घेतली, आणि त्यासाठी त्याला तुम्हाला हातही लावावा लागला नाही.

माझी सवय सांगतो. विझर्ड खेळताना मी घोडा दोनच कामांना वापरतो: पोचायला आणि पळायला. लढाई दिसली की उतरतो. अर्धा वेग जातो, जाऊ दे. घोडा झाडामागे बांधतो. उघड्या माळरानावरची चकमक असेल तरच बसून राहतो, कारण तिथे स्वाराची सवय असलेल्या घोड्याचा एक फायदा सोन्यासारखा आहे: तो तुमच्याच इनिशिएटिव्हला (पाळीला) हलतो आणि डिसएंगेज (वार न खाता मागे सरणं) त्याची अ‍ॅक्शन वापरून करतो. तुमची अ‍ॅक्शन स्पेलला मोकळी. फक्त घोडा थोडा पुढे, मग स्पेल, मग घोडा मागे, असं मधे तोडून चालेल का हे डीएमला सेशनच्या (खेळाच्या बैठकीच्या) आधी विचारा. लढाईच्या मधोमध पुस्तक काढून वाद घालणारे मला आवडत नाहीत.

आकाशात जायची घाई

ही माझी दुखरी नस आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सातव्या लेव्हलचा विझर्ड, ३७ हिट पॉइंट. खेळणारा मुलगा हुशार, पण उतावळा. कड्यावर किल्ला होता आणि किल्ल्याला चढायची वाट होती. मी ती नकाशावर काढूनही ठेवली होती. दोन सेशन लागली असती. पण या महाशयांना पॉलिमॉर्फ हा रूप बदलणारा स्पेल नुकताच मिळालेला. त्याने स्वतःच्याच फायटर (योद्धा) मित्राचा जायंट ईगल (महाकाय गरुड) केला आणि त्याच्या पाठीवर बसून थेट तटबंदीकडे निघाला. मी विचारलं, ‘तटावर धनुर्धारी दिसतायत. नक्की?’ डीएमने ‘नक्की?’ विचारलं की थांबायचं असतं, हे मी आजवर किती जणांना सांगितलंय.

पॉलिमॉर्फला कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं: मार बसला की सेव्ह काढायचा, हुकला तर स्पेल संपतो. पहिला बाण विझर्डला, सात डॅमेज, सेव्ह निघाला. दुसरा बाणही त्यालाच, पुन्हा सात, दहा हवे होते, फाशावर सहा आणि अधिक एक. सेव्ह गेला. नव्वद फुटांवर गरुडाचा पुन्हा चिलखतवाला माणूस झाला आणि दोघे सुटले. दर दहा फुटांना एक फासा म्हणजे नऊ फासे. विझर्डचे २३ उरले होते, फाशांवर आले ३४. फायटर तगला, पण तटाच्या पायथ्याशी, चारी बाजूंना पहारेकरी आणि शेजारी मरणाला टेकलेला त्याचा ‘वैमानिक’.

फेदर फॉल पडणाऱ्या पाचजणांना अलगद उतरवून वाचवतो, पहिल्या लेव्हलचा स्पेल आहे. त्याच्या स्पेलबुकात होता. त्या दिवशी तयार केलेला नव्हता, कारण त्या जागी त्याने आयडेंटिफाय (जादुई वस्तू ओळखणारा स्पेल) घेतला होता. आयडेंटिफाय रिच्युअल आहे! विझर्डला रिच्युअल तयार करावाच लागत नाही, पुस्तक उघडून दहा मिनिटं जास्त दिली की झालं. हे मला पडण्यापेक्षा जास्त लागलं. फायटर खेळणारा त्या रात्री चहासुद्धा गच्चीत एकटा प्यायला. पुढच्या सेशनपासून विझर्डने फेदर फॉल नेमाने तयार ठेवला, वरातीमागून घोडं. आमची पुढची तिन्ही सेशन भुयारात झाली.

आकडे बघा. कॉन्स्टिट्यूशन (शरीरबळ) सेव्ह +१ असेल तर दहा गाठायला वीसपैलू फाशावर नऊ हवेत, म्हणजे ६० टक्के. दोन बाण लागले तर दोन्ही सेव्ह निघण्याची शक्यता ३६ टक्के. तीन बाणांना बावीसही नाही. शिवाय शत्रूने गरुडालाच धरलं तर त्याचे हिट पॉइंट २६. ते संपले तरी तुम्ही खालीच.

म्हणून माझ्यापुरते दोन नियम: ज्या वाहनाची कॉन्सन्ट्रेशन माझ्याकडे आहे त्यावर मी तीस फुटांच्या वर बसत नाही, आणि फेदर फॉल तयार नसेल तर पायरीवरूनसुद्धा उडी मारत नाही. खरा ग्रिफन (गरुडतोंड्या उडता सिंह) मिळाला तर गोष्ट वेगळी: ५९ हिट पॉइंट, उडण्याचा वेग ८० फूट, कॉन्सन्ट्रेशनचा प्रश्नच नाही. त्याच्यासाठी ६० नाण्यांचं खास खोगीर घ्या, साधं चालत नाही. तरी माझं मत विचाराल तर विझर्डला ब्रूम ऑफ फ्लाइंग या उडत्या झाडूसारखं वाहन नाही. दाणा लागत नाही, घाबरत नाही, फायरबॉलला मरत नाही. वजन २०० पौंडांच्या वर गेलं की वेग ५० वरून ३० फुटांवर येतो एवढंच, तेव्हा सोबत सोन्याची पोती नेऊ नका.

बाकीच्या, पटापट

हत्ती. किंमत-यादी वाचणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी हा ‘शोध’ लागतो: हत्ती २०० नाण्यांना, वॉरहॉर्स ४०० ला, आणि हत्तीचे हिट पॉइंट ७६. दारी हत्ती झुलवा की, पण तो डंजनच्या दारातून जाणार नाही. आणि गावच्या बाजारात हत्ती आहे की नाही, हे यादी नाही, डीएम ठरवतो.

घोडासुद्धा पाच फुटी बोळात अंग चोरून, निम्म्या वेगाने जातो, आणि त्याच्यावरचे हल्ले दोन फाशांतला मोठा धरून, म्हणजे अ‍ॅडव्हांटेजने होतात. नकाशा बघून बाहेर बांधा.

टायनी हट हा मुक्कामाच्या घुमटाचा स्पेल लावताना घोडा आत घेऊ नका. मिडीयम (माणसाच्या) आकारापेक्षा मोठा प्राणी आत आला की स्पेलच फसतो. आमच्याकडे एकाने दयाळूपणे घोडा आत घेतला आणि सगळी टोळी पावसात झोपली.

मिस्टी स्टेप हा क्षणात जागा बदलणारा स्पेल फक्त तुम्हाला नेतो. डायमेन्शन डोअर एकजण सोबत नेतो, पण तुमच्याच आकाराचा किंवा लहान, म्हणजे घोडा नाही. खोगिरातून गायब झालात की घोडा ऑर्कांच्या हवाली.

मॅस्टिफ या मोठ्या कुत्र्यावर माणूस बसत नाही. हाफलिंग किंवा नोम (बुटक्या जमाती) असाल तरच विचारा.

पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) फाइंड स्टीड, वाहन बोलावणारा स्पेल, बघून जळू नका. तो विझर्डच्या यादीत नाही आणि मी देणारही नाही, कृपया पुन्हा विचारू नका.

फँटम स्टीड, पण डोकं लावून

विझर्डला स्वतःचं असं वाहन हे आहे, जादूने उभा राहणारा घोडा: तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, १०० फूट वेग, रिच्युअलने केला तर स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) खर्च नाही. तबेल्याचं भाडं नाही. पण एक ओरखडा लागला की स्पेल संपतो, तेव्हा हा लढाईचा घोडा नव्हे. घोडा विरत असताना उतरायला एक मिनिट मिळतं. ते मिनिट दरीवरच्या पुलावर मिळू देऊ नका.

आणि सगळ्या टोळीला घोडे वाटणारे दानशूर: रिच्युअलला अकरा मिनिटं लागतात आणि घोडा एक तास टिकतो. चारजणांना चार घोडे म्हणजे ४४ मिनिटं. शेवटचा तयार होईपर्यंत पहिल्याकडे २७ मिनिटं उरलेली असतात. मग रस्त्याच्या मधेच एकजण पायी आणि तिघं घोड्यावर. मी स्वतःपुरता एकच करतो आणि टोळीचं सामान वाहायला आठ नाण्यांचं खेचर घेतो. खेचर ४२० पौंड वाहतं, आणि अजून तरी आमच्या कोणत्याही धनुर्धाऱ्याने त्याच्यावर बाण वाया घालवलेला नाही.