स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर काय काय सांभाळायचं

घरात कुणाला दमा, आमवात नाहीतर लुपससाठी (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर पहिलं सांगणं हेच की गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. साधारण तीन आठवड्यांच्या वर गोळी चालली की किडनीवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलंच स्टिरॉइड, बनवायला आळशी होतात आणि गोळी एकदम थांबली की अंगात गळाटा, उलट्या, चक्कर, बीपी खाली. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये असं झालं की सगळे म्हणणार ऊन लागलंय, ताक पाजा, पंख्याखाली झोपवा. आधी विचारा गोळी चुकलीय का, आणि उलटीमुळं गोळी पोटात टिकतच नसेल तर थेट दवाखाना गाठा, तिथं गेल्या गेल्या स्टिरॉइड चालू आहे म्हणून सांगा. डोस कमी करायचं काम डॉक्टरचं, त्याला महिने लागले तर लागू द्या.

गोळी शक्यतो सकाळी नाश्ता करून, रात्री घेतली की झोप उडते.

शुगरचं मात्र नीट ऐका. बरेच जण उपाशीपोटी तपासतात, नॉर्मल आली की खूश. पण सकाळच्या गोळीनं शुगर चढते ती दुपारनंतर, म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी पण तपासा.

भूक जबरदस्त लागते, तोंड गोल होतं. ज्वारीची कडक भाकरी खुशाल खा, पण शेंगाचटणी, पापड, लोणचं यातलं मीठ आवरा, सूज आणि बीपी दोन्ही वाढतात. हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम, व्हिटॅमिन डी डॉक्टरला विचारून घ्या. चालताना जांघेत दुखायला लागलं तर वात म्हणून तेल चोळत बसू नका, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, एमआरआय लागतो. डोळे वर्षातनं एकदा तरी दाखवा, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हीची भीती असते. खोकला दोन आठवडे गेला नाही तर टीबीची तपासणी करा, ताप नाही म्हणून गाफील राहू नका, स्टिरॉइड ताप झाकतं.

आणि गुडघेदुखीच्या त्या बिननावाच्या पुड्या! दोन दिवसांत आजी टुणटुणीत झाली की समजा आत स्टिरॉइड असू शकतं. बरेच दिवस घेतली असेल तर तीही एकदम सोडू नका, पुडी घेऊनच डॉक्टरकडं जा.

दम्याच्या पंपातही स्टिरॉइड असतं म्हणून घाबरून पंप टाकून देऊ नका, त्यातला डोस फार कमी असतो, नंतर चूळ भरली की तोंडात बुरशी धरायची भीती कमी होते.