घरमालक कबूल केलेली दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरूने काय करावे

शाळेवर, बँकेत किंवा आरोग्य केंद्रात बदली होऊन आलेला माणूस आपल्याकडे गावात किरायाने घर घेतो, तेव्हा बहुधा कागद होत नाही. "मृगाच्या आधी कवेलू फेरून देतो, न्हाणीला दारही बसवतो," एवढ्या शब्दावर ॲडव्हान्स दिला जातो आणि पहिल्याच पावसात खाटेशेजारी गंज ठेवण्याची वेळ येते.

सर्वप्रथम आपल्या गावाला कोणता कायदा लागू आहे, हे तालुक्याच्या वकिलाकडून समजून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा मुख्यतः त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. त्या क्षेत्राबाहेर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील कलम १०८ उपयोगी पडते. मात्र ते मालक ज्या दुरुस्तीस बांधील आहे तेवढ्यापुरतेच असल्याने, त्याने काय कबूल केले होते हे भाडेकरूला दाखवता आले पाहिजे. म्हणूनच माझ्या मते खेड्यात लेखी कबुलीचे मोल शहरापेक्षा अधिक आहे. करार झाला नसेल, तर ठरलेल्या गोष्टी मालकाला व्हॉट्सॲपवर नम्रपणे लिहून कळवाव्यात आणि "हो, करून देतो" असे उत्तर आल्यास ते जपून ठेवावे.

नंतर गळती, भिंतीची ओल, तुटलेला नळ यांचे तारखेसह फोटो काढून लेखी नोटीस द्यावी. तीत घराचा पत्ता, दुरुस्तीचा तपशील आणि मुदत स्पष्ट लिहून ती पोचपावतीसह पोस्टाने पाठवावी व एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, किमान १५ दिवसांची नोटीस दिल्यानंतरही वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. परंतु ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. महिना २,५०० रुपये भाडे असेल, तर वर्षाचे ३०,००० आणि वळती करण्याची मर्यादा ७,५०० रुपये. १८८२ च्या कायद्यातही नोटिशीनंतर वाजवी मुदतीत काम न झाल्यास असाच खर्च व्याजासह वळता करता येतो. टिनपत्र्यांची, सिमेंटची बिले आणि मिस्त्रीच्या मजुरीची सहीची पावती मात्र हवीच.

पाणी किंवा वीज मुद्दाम तोडली, तर प्रश्न दुरुस्तीपुरता राहत नाही. ऐन मे महिन्यात बोअरची मोटर बंद केली जाणे म्हणजे काय, हे विदर्भात वेगळे सांगायला नको. १९९९ चा कायदा लागू असलेल्या ठिकाणी कलम २९ नुसार न्यायालय पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते.

रागाच्या भरात संपूर्ण भाडे थांबवू नये, कारण थकबाकी दिसली की घर खाली करून मागण्यास मालकाला आयते कारण मिळते. उरलेले भाडे बँकेतून द्यावे.

वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. जाताना नोटिशीची प्रत, पोचपावती, फोटो आणि भाडे दिल्याचे पुरावे सोबत न्यावेत.