ग्रीक वीराची गोष्ट सांगायची असेल, तर आधी त्याचं मरण शोधा

हेराक्लिस, अकिलीस, थीसियस यांच्या गोष्टी लेकरांना सांगायच्या असतील, तर ‘हिरो’ म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे जो येतो त्याला आधी बाजूला ठेवा. सिनेमातला हिरो सज्जन असतो, शेवटी जिंकतो आणि सुखरूप घरी जातो. ग्रीकांचा वीर सज्जन असेलच असं नाही. तो जिंकतो तेव्हा बऱ्याचदा स्वतःचंच घर उद्ध्वस्त झालेलं असतं. आणि मरण तर त्याला चुकतच नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास गोष्टीचा. पाचवी ते सातवीचे पोट्टे एकत्र बसतात. रामायण-महाभारत त्यांना घरूनच येतं, म्हणून मी ग्रीक गोष्टी आणते. हे लिहिते आहे ते अशा गोष्टी सांगू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि आईबापांसाठी.

तयारीला बसलात की पराक्रमांची यादी करू नका. पहिल्यांदा शोधा, हा मेला कसा आणि त्याला पुरलं कुठे. वीर कोण हे ग्रीकांपुरतं इथेच ठरतं. देव मरत नाहीत. साधी माणसं मरतात आणि दोन पिढ्यांत विसरली जातात. वीर या दोघांच्या मधला: तो मेलेला असतो, पण त्याची ताकद थडग्यात शिल्लक असते, आणि जिथे थडगं त्या गावाला ती उपयोगी पडते. ऑलिम्पिक खेळ जिथे होत त्या ऑलिम्पियात पेलॉप्स या वीराचं ठाणं होतं. तिथे दरवर्षी काळा मेंढा बळी देत, आणि ते मटण ज्यानं खाल्लं त्याला शेजारच्या झ्यूसच्या, म्हणजे देवांच्या राजाच्या, देवळात जाता येत नसे. अथेन्सचा राजा थीसियस, त्याचं आणखी ठळक. इराण्यांशी झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईत, इसवी सनापूर्वी 490 मध्ये, तो आपल्या बाजूनं लढताना दिसला असं अथेन्सचे लोक सांगत. पुढे 475 च्या सुमारास सेनापती किमोननं स्कायरोस बेटावरून त्याची म्हणून हाडं वाजतगाजत अथेन्सला आणली. त्या ठाण्यात पळून आलेल्या गुलामांना आणि दुबळ्या माणसांना आसरा मिळायचा.

आपल्याकडच्या पोरांना हे पटकन कळतं, कारण शिवेवरच्या शेंदरी दगडापुढे नारळ फुटताना त्यांनी पाहिलेला असतो. चिखलदऱ्याची सहल झालेली असेल तर आणखी चांगलं. कीचकाला मारून भीमानं हात धुतले ते भीमकुंड तिथे दाखवतात. तसंच ट्रोइझेन गावात, ज्या शिळेखालून थीसियसनं बापाची तलवार आणि वहाणा काढल्या, ती शिळा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असत. म्हणून गोष्ट सांगताना गावाचं नाव कधी गाळू नका. हेराक्लिसनं मारलेला सिंह नेमियाचा, अनेक डोक्यांची सर्पीण हायड्रा लेर्नाची. नाव गेलं की वीर अधांतरी लटकतो.

यानंतर क्लिओमीडीस सांगा. तो फारसा कुणाला माहीत नाही, पण ‘वीर म्हणजे चांगला माणूस’ ही समजूत त्याच्याइतकी कुणीच मोडत नाही. हा अस्टिपालिया बेटावरचा मुष्टियोद्धा. इसवी सनापूर्वी 492 च्या ऑलिम्पिकमध्ये त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला आणि पंचांनी त्याचं बक्षीस काढून घेतलं. दुःखानं त्याचं डोकं फिरलं. गावी परतला, शाळेत शिरला आणि छप्पर ज्यावर उभं होतं तो खांबच त्यानं उपटला. आत साठेक मुलं होती, त्यांच्यावर छप्पर कोसळलं. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा तो अथीनाच्या देवळात एका पेटीत शिरला आणि वरून झाकण ओढून घेतलं. पेटी फोडली तर आत कुणीच नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. डेल्फीच्या देवळात कौल लावला. कौल आला: हा शेवटचा वीर, याला आता मर्त्य समजू नका, बळी देऊन याचा मान राखा. अस्टिपालियाचे लोक तसं करत राहिले.

हे ऐकून वर्ग गप्प होतो, आणि मग कुणीतरी विचारतंच, “मॅडम, मंग त्याले पुजतात काऊन?” या प्रश्नाला घाईनं उत्तर देऊ नका. मी एवढंच सांगते की जी ताकद माणसाच्या मापात मावत नाही, तिची ग्रीकांना धास्ती होती, आणि पूजा धास्तीतूनही होते. बाकीचं पोरं आपसात बोलतात. त्यांना बोलू द्या.

जन्माची बाजू सोपी आहे, तिच्यावर फार वेळ घालवू नका. बऱ्याच वीरांच्या आईबापांत एक जण देव असतो: पर्सियस आणि हेराक्लिस झ्यूसचे, अकिलीस थेटिस या समुद्रदेवीचा. पर्सियसला आणि त्याच्या आईला पेटीत घालून समुद्रात सोडलं असं म्हटलं की पोरं स्वतःच कर्णाचं नाव घेतात. फक्त देवाचं रक्त असलं तरी मरण टळत नाही, हे ठसवायला सार्पेडॉन सांगा. हा झ्यूसचाच मुलगा, ग्रीकांनी ट्रॉय शहराशी केलेल्या युद्धात ट्रॉयच्या बाजूनं लढणारा. त्याची वेळ भरली तेव्हा झ्यूसच्या मनात आलं, याला उचलून घरी नेऊन ठेवावं. त्याची बायको हेरा म्हणाली, ठेव, पण मग प्रत्येक देव आपापल्या पोराला वाचवू पाहील. झ्यूसनं ऐकलं. पोरासाठी जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडला, आणि त्याला मरू दिलं. देवांच्या राजाचाही इलाज चालला नाही, हा प्रसंग मला साऱ्या ‘इलियड’मध्ये, होमरच्या ट्रॉययुद्धावरच्या काव्यात, फार मोठा वाटतो.

आता बघा, वीराच्या मागे कोणता देव लागला आहे. ट्रॉयहून घरी निघालेल्या ओडिसियसच्या मागे समुद्रदेव पोसायडन, हेराक्लिसच्या मागे हेरा. हेरानं हेराक्लिसला वेड लावलं आणि त्या भरात त्यानं स्वतःची मुलं मारली. युरिस्थियस राजानं त्याच्याकडून करून घेतलेली बारा कामं या पापाच्या प्रायश्चित्तासाठी आहेत. लहान वर्गात हा भाग गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. “वेडाच्या भरात त्याच्या हातून घरच्यांचा घात झाला” एवढ्या शब्दांत सांगा. नाहीतर तो राबतो कशासाठी तेच कळत नाही. कामांपैकी ऑजियसचा गोठा आमच्याकडे सगळ्यात रंगतो, कारण सकाळी शेण काढून शाळेत आलेली पोरं समोर असतात. वर्षानुवर्षं साचलेलं शेण, हेराक्लिसनं दोन नद्या वळवून एका दिवसात धुऊन काढलं. पण युरिस्थियस राजानं ते काम मोजलं नाही, कारण त्यानं ऑजियसकडे गुरांचा दहावा हिस्सा मजुरी म्हणून मागितला होता. हायड्राही मोजली नाही, कारण पुतण्यानं मदत केली होती. म्हणून दहाची बारा झाली. “मजुरी मांगतली तं का बिघडलं?” यावर आमच्या वर्गात दर वेळी भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं.

सगळ्यात जास्त वेळ अकिलीसला द्या. त्याला आईनं आधीच सांगून ठेवलं होतं: ट्रॉयला राहिलास तर लवकर मरशील पण नाव कधी मिटणार नाही, घरी गेलास तर खूप जगशील, नाव राहणार नाही. पुढे मित्र पॅट्रोक्लस मारला गेल्यावर सूडासाठी तो लढाईत उतरला, आपण मरणार हे माहीत असून. इथपर्यंत सांगून थांबू नका. होमरच्या दुसऱ्या काव्यात, ‘ओडिसी’त, ओडिसियस मेलेल्यांच्या देशात जातो, तिथे त्याला अकिलीस भेटतो. तू इथेही राजा आहेस, असं ओडिसियस म्हणतो. अकिलीस उत्तर देतो, मरणाचे गोडवे माझ्यापुढे गाऊ नको. ज्याच्याकडे स्वतःची धड जमीन नाही, खायची भ्रांत आहे, अशाच्या घरी सालदार म्हणून राबेन, पण या मेलेल्यांवर राज्य नको. आमच्या वर्गात सालदारांची पोरं आहेत. पाडव्याला साल ठरतं तेव्हा घरी काय चालतं ते त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे अकिलीस काय बोलतोय ते मला समजावून सांगावं लागत नाही. आवाज मात्र इथे खाली आणा, नाट्य करू नका.

एक काळजी घ्या. कोणती गोष्ट कुठली, ते वेगळं ठेवा. अकिलीसचा घात फक्त टाचेतून होऊ शकत होता, हे होमरमध्ये नाही. आईनं त्याला स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा शेकडो वर्षांनी रोमन कवी स्टेशियसकडे सापडते. ग्रीक ज्यात लपून ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडाही ‘इलियड’मध्ये येत नाही, ते काव्य अकिलीसनं मारलेल्या ट्रॉयच्या हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं. पोरांना घोडा हवाच असतो, जरूर सांगा, पण ‘इलियड’ संपल्यावर वेगळा सांगा. नाहीतर हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम अकिलीसकडे पोराचं प्रेत मागायला येतो आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली तेच हात चुंबतो, हा प्रसंग घोड्याच्या गडबडीत वाहून जातो.

क्रम मी असा ठेवते. आधी पर्सियस, कारण तो त्यातल्या त्यात सुखाचा. मग हेराक्लिस, ओएटा डोंगरावरच्या चितेपर्यंत. त्यानंतर क्लिओमीडीस आणि अकिलीस. ओडिसियस सगळ्यात शेवटी, कारण त्याचे आईबाप दोघंही माणसं, आणि कॅलिप्सो देवीनं अमर करते म्हटलं तरी तो नको म्हणून घराकडे निघतो. हे ‘नको’ किती मोठं आहे, ते आधीचे सगळे मेलेले पाहिल्यावरच कळतं. ‘ओडिसी’ला बरेच शनिवार लागतात, तेव्हा ती दिवाळीनंतर लगेच सुरू करा, म्हणजे परीक्षेच्या आत ओडिसियस इथाकाला, आपल्या घरी, पोचतो.