मुख्याध्यापकपदाची पदोन्नती घेताना या चुका टाळा

जिल्हा परिषद शिक्षकांची अंतिम सेवाज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली, की पंचायत समितीच्या आवारात दरवर्षी तेच प्रश्न ऐकू येतात. संघटनेच्या कामामुळे सहकाऱ्यांचे अर्ज लिहून देणे आणि त्यांची वेतननिश्चिती तपासून देणे हे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण होकार देऊन झाल्यावर येतात, हीच माझी मुख्य तक्रार आहे. सहायक शिक्षकाने मुख्याध्यापक व्हावे की होऊ नये, हा प्रश्न समुपदेशनाच्या, म्हणजे ज्येष्ठतेच्या क्रमाने शाळा निवडण्याच्या, सभागृहात, पडद्यावर रिक्त पदांची यादी सरकत असताना आणि मागचा माणूस घाई करीत असताना सुटणारा नाही. तो आधी घरी आणि त्यानंतर त्या त्या शाळेत जाऊन सोडवावा लागतो. बैलबाजारात दात पाहिल्याशिवाय गोऱ्ह्याला हात न लावणारी आमची माणसे नोकरीची उरलेली वर्षे ज्या गावात काढायची, ते गाव मात्र दोन मिनिटांत निवडतात.

‘आधी घेऊन टाकू, मग प्रतिनियुक्तीवर परत येऊ’

ही चूक मी सर्वांत वर ठेवतो, कारण ती हुशार माणसेही करतात. अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातील एक शिक्षक माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांचा क्रमांक यादीत बराच खाली होता, त्यामुळे त्यांची पाळी येईपर्यंत सपाटीवरच्या तालुक्यांतील जागा ज्येष्ठांनी घेतल्या होत्या आणि उरल्या होत्या त्या धारणी व चिखलदरा तालुक्यांतील. धारणी हे अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि त्यातला बराच रस्ता मेळघाटच्या घाटांतून व जंगलातून जाणारा. त्यांच्या पत्नी दर्यापूर तालुक्यातच शिक्षिका, घरी आजारी आई. समुपदेशनाच्या आदल्या दिवशी एका वजनदार माणसाने त्यांना सांगितले, “सर, काऊन घाबरता जी? घेऊन टाका. दिवाळीच्या आत तुमाले इकडं आणून देतो.” सरांनी घेऊन टाकले.

दिवाळी गेली आणि उन्हाळाही गेला. पुढच्या सत्रात प्रतिनियुक्तीचा, म्हणजे तात्पुरते दुसऱ्या शाळेत काम करण्याचा, आदेश खरोखरच आला, आणि आमच्या चहाच्या टपरीवर त्यांच्या वशिल्याचे कौतुकही झाले. परंतु त्यांचे पद धारणीतच राहिले. शाळेचा कारभार एका कनिष्ठ सहायक शिक्षकाच्या हाती गेला, बँकेच्या व्यवहारावर मात्र सरांचीच सही लागत असे आणि यू-डायसची (शाळांनी दरवर्षी ऑनलाइन भरायची) माहिती वेळेत भरली गेली नाही तेव्हा कारणे दाखवा नोटीसही त्यांच्याच नावाने निघाली. कोरकू बोलणाऱ्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आमचा मुख्याध्यापक कोण, असे विचारले, तेव्हा उत्तर द्यायला सभेत कोणी नव्हते. पालकांचा तो प्रश्न अगदी रास्त होता, असे माझे मत आहे. काही महिन्यांतच जिल्ह्यातील सर्व प्रतिनियुक्त्या एका आदेशाने रद्द झाल्या. सर पुन्हा धारणीला गेले, तेथून त्यांनी विनंतीवरून पदावनतीचा अर्ज केला, आणि दीर्घ काळानंतर तो मंजूर झाला तेव्हा त्यांची जुनी जागा भरलेली होती, म्हणून ते तिसऱ्याच गावी सहायक शिक्षक म्हणून रुजू झाले. ज्या माणसाने आश्वासन दिले होते, तो तोपर्यंत दुसऱ्या कोणाला तरी तेच आश्वासन देत होता.

यावरून मेळघाट वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. ठरवून, कुटुंबाला विचारून, तेथेच खोली घेऊन राहण्याच्या तयारीने धारणी, झरी जामणी किंवा सिरोंचा निवडलेले मुख्याध्यापक मी पाहिले आहेत. ते टिकले, आणि त्यांतील काहींनी कोरकू किंवा कोलामी बोलायला शिकून पालकांची मने जिंकली. सिरोंच्यात तर तेलुगू समजल्याशिवाय पालकसभा पुढे सरकत नाही. माझा सल्ला एवढाच आहे, की जी जागा आयुष्यभर बदलणार नाही असे गृहीत धरून घेता येत असेल, तीच घ्यावी. रिक्त पदांची यादी आधी प्रसिद्ध होते. त्यातील आपल्या क्रमांकाला मिळू शकतील अशा चार-पाच शाळा निवडाव्यात आणि शाळा चालू असताना, शक्यतो दुपारी खिचडी वाटपाच्या वेळी, न कळवता तेथे जाऊन यावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी पंधरा मिनिटे बोलल्यावर शाळेबद्दल जेवढे कळते, तेवढे तपासणी अहवालातून कळत नाही.

पगाराचा हिशेब ऐकीव आकड्यांवर करणे

‘पदोन्नती म्हणजे पगारात मोठी वाढ’ हे वाक्य कोठून आले, ते मला माहीत नाही, परंतु त्यावर विश्वास ठेवणारे दरवर्षी भेटतात. सातव्या वेतन आयोगानुसार पदोन्नतीच्या वेळी आधी जुन्या वेतनस्तरात एक वेतनवाढ दिली जाते, आणि येणारी रक्कम नव्या स्तरातील तेवढ्याच किंवा लगतच्या वरच्या टप्प्यावर बसवली जाते. उदाहरणादाखल एस-१० स्तरात ४९,६०० रुपये मूळ वेतन असलेली व्यक्ती एस-१३ मध्ये गेली, असे धरू. एका वेतनवाढीने ५१,१०० होतात आणि एस-१३ मधील लगतचा टप्पा ५२,००० चा आहे. म्हणजे मूळ वेतनात वाढ २,४०० रुपयांची, अधिक त्यावरचा महागाई भत्ता. आता नवी शाळा घरापासून तीस किलोमीटरवर असेल, तर महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांत १,५०० किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर जाणाऱ्या मोटरसायकलला तीस लिटर पेट्रोल लागते, आणि शंभर रुपयांहून महाग असलेल्या पेट्रोलचे तीन हजार रुपये तेथेच जातात. टायर, दुरुस्ती आणि पाठीचे दुखणे मी यात धरलेले नाही.

ज्यांना १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आधीच लागू आहे, त्यांच्या बाबतीत ही वाढ अनेकदा याहून पुष्कळ कमी निघते, कारण जे पदोन्नतीने मिळायचे त्यातील मोठा भाग त्यांनी आधीच घेतलेला असतो. आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर, म्हणजे एक स्तर वरच्या पदाची, वेतनश्रेणी मिळते. ती त्या भागातील सेवेपुरतीच असते. गडचिरोलीच्या दुर्गम भागातून पदोन्नतीवर बाहेर पडणाऱ्याने हा फरक वजा करून पाहावा, कारण पद वाढून हातात येणारी रक्कम कमी झाल्याचे पाहून लिपिकाशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यात लिपिकाचा दोष नव्हता.

मी स्वतः हा हिशेब सेवापुस्तक समोर ठेवून, वहीच्या मागच्या पानावर, हाताने करतो. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या तयार तक्त्यांवर माझा विश्वास नाही, कारण त्यात आपली वरिष्ठ श्रेणी, आपली वेतनवाढीची तारीख आणि आपले अंतर नसते. वेतननिश्चिती पदोन्नतीच्या तारखेपासून हवी की पुढील वेतनवाढीच्या तारखेपासून, याचा विकल्प मुदतीत, लेखी द्यावा लागतो, हेही पुष्कळांना मुदत संपल्यावर कळते.

पट न पाहता पद घेणे

बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत विद्यार्थिसंख्या, म्हणजे पट, १५० हून अधिक असेल तर मुख्याध्यापकाचे पद येते. सहावी ते आठवीसाठी हा आकडा १०० हून अधिक असा आहे. म्हणून १५५ पट असलेल्या शाळेतील पद आणि २४० पट असलेल्या शाळेतील पद हे कागदावर सारखे दिसले, तरी सारखे नसते. आमच्या भागात गावोगावी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या येऊ लागल्या आहेत, आणि त्यातच कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. मागील तीन वर्षांची संचमान्यता (पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करणारा आदेश) मागून घ्यावी आणि पहिलीच्या वर्गात किती मुले आहेत, ते स्वतः मोजावे. पहिलीत नऊ आणि सातवीत बत्तीस मुले असतील, तर पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. पद अतिरिक्त ठरले, की दुसऱ्या शाळेत समायोजनाच्या रांगेत आपण पुन्हा उभे.

सही करून चार्ज घेणे

हा मुद्दा रुजू झाल्यानंतरचा वाटतो, परंतु ज्याला तो जमणार नाही, त्याने होकारच देऊ नये, म्हणून येथे लिहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका बाईंनी जून अखेरीस, शाळा नुकत्याच उघडल्या असताना, मुख्याध्यापकपदाचा कार्यभार घेतला. आधीचे मुख्याध्यापक त्याच दिवशी सेवानिवृत्त होत होते, निरोप समारंभाचे हार आले होते, गावकरी बसले होते, आणि ‘बाई, सारं बरोबर आहे, तुम्ही सही करा’ असे म्हणून यादी पुढे सरकवली गेली. बाईंनी भिडेखातर सही केली. ऑगस्टमध्ये पोषण आहाराची तपासणी झाली तेव्हा साठा नोंदवहीतील शिल्लक आणि खोलीतील तांदूळ यांत तीन पोत्यांचा, म्हणजे दीड क्विंटलचा फरक निघाला. यादीवर सही बाईंची असल्यामुळे खुलासाही त्यांच्याचकडून मागवला गेला, आणि निवृत्त गुरुजींनी फोन उचलणे बंद केले.

तांदळाचा हिशेब कठीण नाही. पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. लहान ११० आणि मोठी ७० मुले हजर असतील, तर रोजचा तांदूळ २१.५ किलो होतो. उपस्थिती फुगवून लिहिण्याची सवय असलेल्या शाळेत वहीतला तांदूळ आणि पोत्यातला तांदूळ कधीच जुळत नाही, आणि ती तफावत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. माझी पद्धत अशी आहे, की समारंभ आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असावा, चार्जच्या दिवशी असू नये. पोती काट्यावर मोजावीत. बँकेचे पासबुक त्याच दिवशी भरून आणायला सांगावे. दाखल-खारीज रजिस्टरची पाने मोजावीत, कारण दाखल्यावरील जन्मतारखेचे भांडण वीस वर्षांनीही शाळेच्या दारात येते. जेथे फरक आढळेल, तेथे यादीवरच ‘प्रत्यक्ष तपासणीत इतके कमी आढळले’ असे लिहून मग सही करावी. यात दोन दिवस गेले तरी जाऊ द्यावेत. जाणाऱ्याला घाई असते ती त्याच्या कारणासाठी, येणाऱ्याने ती आपली मानण्याचे कारण नाही.

हे वाचून ज्याला ‘एवढे कोण करत बसेल’ असे वाटत असेल, त्याला माझे प्रामाणिक मत आहे की त्याने वर्गातच राहावे. चांगला शिक्षक म्हणून नाव झालेल्या माणसाला मुख्याध्यापकपद हे त्या नावाचे बक्षीस वाटते. प्रत्यक्षात त्याच्या हातात खडूऐवजी देयके, पोर्टलचे पासवर्ड आणि छताच्या दुरुस्तीचे प्रस्ताव येतात. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला ५०,००० रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान मंजूर असते, परंतु ते हाती येईपर्यंत वीजबिल थांबत नाही, आणि आधी स्वतःच्या खिशातून खर्च करून नंतर पावत्या जुळवत बसणे हा या पदाचा न लिहिलेला भाग आहे. ज्यांना पाचवीच्या मुलाला अपूर्णांक समजल्याचा आनंद हवा आहे, त्यांनी नकार दिला तर त्यात कमीपणा नाही.

राहिलेल्या काही चुका

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एकाच दुचाकीवर ये-जा केली, त्यांची उशिराची नोंद आपण घेऊ शकू का, हे त्याच शाळेत पदोन्नती मिळत असेल तर स्वतःला विचारावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि मुख्याध्यापक सचिव असतो. गावात दोन गट असतील, तर अध्यक्ष कोणत्या गटाचा आहे, ते जागा निवडण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखाचे पद त्या केंद्रात रिक्त आहे का, ते पाहावे. रिक्त असेल तर त्याचा अतिरिक्त कार्यभार कोणाकडे येईल, हे वेगळे सांगायला नको.

‘तुमच्या नंतरचे तिघे होऊन गेले’ असे नातेवाईक म्हणतात म्हणून होकार देऊ नये.

सेवानिवृत्तीला थोडाच काळ उरलेल्यांनी, आणि विशेषतः १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झाल्यामुळे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असलेल्यांनी, शेवटच्या मूळ वेतनाचा आकडा काढून पाहावा. त्यांच्यासाठी दोन हजारांची वाढसुद्धा पुढे आयुष्यभर मोजली जाते, म्हणून वर मांडलेला पेट्रोलचा हिशेब त्यांना जसाच्या तसा लागू करता येत नाही.

नकार द्यायचा असेल, तर तोंडी देऊ नये आणि समुपदेशनाला गैरहजरही राहू नये. गैरहजर राहिलेल्यास उरलेली जागा दिली जाईल, अशी ओळ सूचनेत बहुधा असते आणि ती कोणी वाचत नाही. नकारामुळे पुढील किती काळ आपला विचार होणार नाही आणि इतर कोणते लाभ अडतील, ते त्याच सूचनेत व संबंधित शासन निर्णयात वाचून घ्यावे, समजले नाही तर आस्थापना शाखेत विचारावे. त्यानंतर कारणासह अर्ज लिहावा, आवक शाखेत द्यावा, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत सेवापुस्तकाच्या दुय्यम प्रतीबरोबर घरी ठेवावी.